उसना कोट

४ जानेवारी

घुबडा,

फाडू नकोस! आधी वाच, मग खुशाल फाड.

अक्षर ओळखलंस ना? मीच तो, वंगण. मेलो नाही अजून. गुडघे गेले, दात गेले, पण जीभ शाबूत आहे, आणि माझी जीभ म्हणजे काय चीज आहे ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? फोन करून उपयोग नाही, तुझे कान त्या रात्री पुलावरच राहिले. तुझं दार वाजवायची माझी छाती नाही. मग उरलं पत्र.

बातमी अशी आहे की सकाळपासून मी दोनदा चहा सांडलाय. बायको म्हणाली, "अहो, लॉटरी लागली की काय?" म्हटलं, त्याहून मोठं! रेकॉर्ड ऑफिसातून जाड पाकीट आलंय. सैन्यातल्या जुन्या फायली आता संगणकावर चढवतायत, म्हणून प्रत्येक निवृत्त माणसाला त्याची सगळी नोंद पाठवलीय, आणि खाली ठळक छापलंय, "नोंद तपासावी. चूक आढळल्यास कळवावे."

चूक आढळल्यास! अरे, इतकी वर्षं मी घसा फोडून सांगतोय की चूक आहे, चूक आहे. दोनदा अर्ज केला, दोनदा उत्तर आलं की नियमात तरतूद नाही. आणि आता तेच माझ्या दारात येऊन विचारतायत! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

काय लिहिलंय ऐक. "मेकॅनिक. शौर्यपदक. शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात, दिवे न लावता, जखमींनी भरलेला ट्रक पुन्हा पुन्हा पुलापलीकडे नेला." मी! ज्यानं जन्मात एकदाच ट्रकचं चाक हातात घेतलं आणि उलटा नेऊन साहेबांच्या संडासात घातला! तेही साहेब आत असताना. आपल्या तुकडीत लहानथोर सगळ्यांना माहीत होतं की वंगण इंजिन डोळे मिटून खोलेल, पण त्याच्या हाती किल्ली देऊ नका. अंधारात दिवे न लावता गाडी हाकणारा एकच होता. म्हणून तर तुला घुबड म्हणायचो.

त्या रात्री मी तापानं फणफणलो होतो. तंबूत तीन ब्लँकेटांखाली दात वाजत होते. तू आत आलास, म्हणालास, "ड्यूटीवरचा ड्रायव्हर पडला, मी जातो. तुझं काहीतरी दे." आपली रीतच होती ना ती! रात्री गाडी घेऊन निघणाऱ्यानं मागे राहणाऱ्याकडून एक वस्तू उसनी घ्यायची. पट्टा, कंगवा, चमचा, काहीही. ती फेडायला माणूस परत येतोच, असं आपण मानायचो. आणि फेडायची ती स्वतःच्या हातानं, दुसऱ्या कोणाच्या हाती धाडायची नाही. परत आलेल्यानं म्हणायचं, "घे तुझं." राहिलेल्यानं म्हणायचं, "उशीर केलास." मग तो पाच मिनिटांत का आलेला असेना.

मी कण्हत म्हटलं, कोट ने, बाहेर गारठा आहे. तू कोट घातलास आणि गेलास. खिशावर माझा नंबर शिवलेला. पुढचं तुला माहीतच आहे. पुलाशी गोळा फुटला, तू बेशुद्ध, आणि तुला उचलणाऱ्यांनी तोंड पाहिलं नाही, नंबर पाहिला.

मी अर्ज करतोय. ह्या वेळी नीट, कायद्यानं. पदक माझ्या नावावरून काढा आणि ज्याचं त्याला द्या. तू काही करू नकोस. फक्त फाडू नकोस.

तुझा
वंगण


२२ जानेवारी

घुबडा,

उत्तर नाही आलं तुझं. म्हणजे पत्र परतही नाही आलं! मागची सगळी "घेण्यास नकार" असा शिक्का घेऊन परत यायची. मी ह्याला प्रगती म्हणतो.

काल रेकॉर्ड ऑफिसला जाऊन आलो. लांबलचक खोली, छतापर्यंत फायली, मधे नव्या संगणकांची रांग, आणि प्रत्येक संगणकावर धूळ बसू नये म्हणून टॉवेल पांघरलेला. खिडकीत एक कारकून बाई. माझ्या मुलीच्या वयाची असेल. मला बघितलं आणि आपणहून एक फॉर्म पुढे सरकवला.

"पदक राहून गेलंय ना आजोबा? हा भरा."

म्हटलं, "राहून नाही गेलं बाई. जास्तीचं आलंय."

तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या नावावरचं काढून घ्यायचंय."

"असा फॉर्मच नाही," ती म्हणाली. मग जरा वाकून, हळू आवाजात, "आजोबा, बरोबर घरचं कोणी आलंय का?"

मला वेडा समजली! मी असा हसलो की मागच्या रांगेतला एकजण दचकून जागा झाला. मग बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ताप, कोट, नंबर. मी बोलायला लागल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे. थोड्या वेळानं शेजारच्या दोन खिडक्यांतली माणसंही आमच्या खिडकीत. संडासाची गोष्ट मला दोनदा सांगावी लागली. शेवटी बाईनं "पदक मिळण्याबाबत" हा फॉर्म घेतला, "मिळण्याबाबत"वर रेघ मारली आणि वर लिहिलं, "दुसऱ्यास मिळण्याबाबत". म्हणाली, "होऊन जाऊ दे आजोबा, बघू कोण अडवतं!" मला तर तिला मिठी मारावीशी वाटली.

आणि मग तिनं तुझी फाईल काढली. तुझं नाव भरायचं होतं ना. पानं उलटता उलटता ती सहज मोठ्यानं वाचून गेली, "त्या रात्री विनापरवानगी गैरहजर." वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

घुबडा! गैरहजर? तू?

मी खिडकीवर मूठ आपटली. ती पाणी घेऊन आली. मग समजावून सांगितलं तिनं. त्या रात्री ड्यूटीच्या कागदावर तुझं नाव नव्हतं, तू आपणहून गेलेलास. इस्पितळात तू माझ्या नंबरानं पडलेला, ना ऐकू येत होतं, ना बोलता येत होतं. सकाळी हजेरी झाली, तुझा पलंग रिकामा आणि मी तापात बरळत. लिहून टाकलं गैरहजर. नंतर तू नाव सांगितलंस तेव्हा इस्पितळानं आपलं रजिस्टर दुरुस्त केलं (ते पुढे वाळवीनं खाल्लं), पण तोवर माझ्या पदकाचा हुकूम निघालेला आणि तुझ्या फायलीत शाई वाळलेली. एका खोलीनं दुसऱ्या खोलीला विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी!

म्हणून तुझी बढती गेली. म्हणून तू लवकर सैन्य सोडलंस. आणि मी शहाणा इतकी वर्षं समजत होतो की तू पदकासाठी रुसलायस आणि नोकरी कानांमुळे गेली. अरे, एका शब्दानं बोलला असतास! पण तू कसला बोलतोस. तुझ्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा गंजलेला नट काढणं सोपं.

आता पदकाचं राहू दे बाजूला. आधी तो "गैरहजर" खोडायचाय. तो खोडल्याशिवाय मी मरत नाही. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "मग तर घाई करूच नका."

वंगण


९ फेब्रुवारी

घुबडा, घुबडा, घुबडा!

तुझ्या सुनेचा फोन आला! तुला सांगू नका म्हणाली आहे, म्हणून लगेच सांगतोय. तिच्यावर रागावू नकोस हं. फार गोड पोर आहे. "काका," म्हणाली, "बाबा तुमची पत्रं वाचतात. दोनदा वाचतात. मग गादीखाली ठेवतात. परवा वाचताना एकटेच हसले, तर आम्ही सगळे बघायला आलो."

संडासावर हसलास ना? खरं सांग.

आणि पुढे काय म्हणाली! "कपाटात त्यांचा एक जुना खाकी कोट आहे. दरवर्षी स्वतः उन्हात घालतात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात. कोणाला हात लावू देत नाहीत. एकदा मी धुवायला घेतला तर म्हणाले, तो माझा नाही, परत द्यायचाय."

माझ्या हातून फोन सुटला. बायकोनं उचलून पुढचं बोलून घेतलं.

आता मला एक गोष्ट कळली, आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तू आला होतास. न बोलावता... म्हणजे बोलावणं धाडलं होतं, पण येशील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तुला दारात बघितलं आणि पळत सुटलो. येईतो तू पाठ फिरवून चालू लागलेला. बगलेत एक पिशवी होती. मला वाटलं, आहेर असेल. कोट होता ना त्यात? फेडायला आला होतास. आणि दारातच काय बघितलंस, तर भिंतीवर काचेत टांगलेलं पदक.

ते मी टांगलं नव्हतं रे. ते माझ्या खिळ्यांच्या डब्यात पडलेलं असायचं. सासऱ्यांनी आदल्या दिवशी शोधून काढलं, व्याह्यांवर छाप पाडायला. सासरेबुवांपुढे माझं कधी काय चाललं? बायको आत्ता मागून वाचतेय आणि म्हणतेय, "माझ्या वडिलांना मधे आणू नका." पण तेच मधे आलेले, त्याला मी काय करू!

मी तुझं काय घोडं मारलं, असं इतकी वर्षं मनात म्हणत होतो. आज नाही म्हणत.

बरं, कामाचं ऐक. सुनावणी लागलीय! १७ मार्च, सकाळी, रेकॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावर. तिघांचं मंडळ. कारकून बाईनं सांगितलं की ही शेवटची संधी, एकदा संगणकावर नोंद पक्की झाली की पुन्हा उघडायची नाही. आणि माझ्या एकट्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तू हवास. कोट हवा.

ये रे. पाया पडतो. गुडघ्यांमुळे नीट पडता येत नाही, पण पडलो असं समज.

वंगण


१२ मार्च

नाहीच उत्तर. ठीक आहे.

शर्टाला इस्त्री झाली. बुटांना पॉलिश झालं. बायकोनं माझी दाढी आजच करून टाकली, म्हटलं, अगं पाच दिवस आहेत अजून, तर म्हणाली, सराव. झोप येत नाही, भूक लागत नाही, परीक्षेला बसलेल्या पोरासारखं झालंय. मंडळापुढे काय बोलायचं ते पाठ करतोय आणि दरवेळी पहिल्याच वाक्यावर हसू फुटतं. "साहेब, मला शौर्यपदक मिळालं, कृपया मला वाचवा."

तू नाही आलास तरी मी बोलणार. दिवसभर बोलेन. बाहेर काढलं तर जिन्यात उभा राहून बोलेन.

पण ये.

वं.


१८ मार्च

घुबडा, हलकटा, म्हाताऱ्या,

आता तू म्हणशील, काल भेटलो, आज पत्र कशाला? कशाला म्हणजे! तुला काल काय झालं ते कळलंय तरी का? मंडळानं मला सांगितलं होतं की यांना ऐकू येत नाही, तुम्ही कागदावर लिहून दाखवत चला. आणि मी बोलण्यात इतका रंगलो की तुझ्यापुढच्या कागदावर अख्ख्या सुनावणीत एकच शब्द लिहिला, "थांब". नंतर तुझी बस सुटायला आली. सुनेनं तुला विचारलं असेल, काय झालं बाबा, आणि तू म्हणाला असशील, वंगणानं गाडी ठोकली. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी तासभर आधी जाऊन बसलो होतो. दर पावलाच्या आवाजाला जिन्याकडे बघत होतो. आणि तू आलास! टक्कल, पांढऱ्या मिश्या, बगलेत तीच पिशवी. माझ्याकडे बघितलं नाहीस. तीन खुर्च्या सोडून बसलास, तोंड खिडकीकडे. पण आलास! मला इतका आनंद झाला की नाव पुकारल्यावर मी चुकीच्या दारानं भांडारात शिरलो.

मंडळात मधे बसल्या होत्या त्या बाईसाहेब, गणवेशातल्या, त्या अध्यक्ष. डावीकडचे टिपणं घेणारे. उजवीकडचे चष्मेवाले, त्यांनी मला पिळून काढलं. म्हणाले, "तुम्ही दोघे जुने मित्र. आज इतक्या वर्षांनी सांगता की कोटात दुसराच होता. मित्राची फाईल साफ व्हावी म्हणून हे कशावरून नाही?"

म्हटलं, "साहेब, मित्र कुठले? हा माझ्याशी बोलतसुद्धा नाही, बघा की." आणि तू इमानदारीत खिडकीबाहेर बघत होतास. बाईसाहेबांना हसू आलं.

मी सांगितलं की त्या रात्री मला ताप होता. ते म्हणाले, "तापातही माणसं पराक्रम करतात." म्हटलं, कोट दाखवतो. ते म्हणाले, "कोटावर तुमचाच नंबर असणार, म्हणजे कोट तुमचाच." आता आली का पंचाईत! मग मी शेवटचं काढलं. "साहेब, मला गाडीच चालवता येत नाही."

"मेकॅनिकला गाडी चालवता येत नाही?"

"न्हावी रोज डोकी हाताळतो साहेब, त्याला डोक्यातलं कळतं का?"

हे त्यांना आवडलं नाही. म्हणाले, "तोंडी सांगून चालणार नाही. सिद्ध करा."

म्हटलं, "खाली तुमची जीप उभी आहे. किल्ली द्या."

मग बाईसाहेब म्हणाल्या, "द्या किल्ली. आवारातल्या आवारात. ड्रायव्हर शेजारी बसेल." चष्मेवाल्यांचं तोंड बघायला हवं होतंस. पण तू खिडकीबाहेरच बघत होतास! तेव्हाच मी कागदावर "थांब" लिहिलं आणि खाली गेलो.

पुढचं तुला दिसलं, ऐकू आलं नाही. मी काही नाटक केलं नाही, देवाशपथ. मनापासून चांगली चालवायचा प्रयत्न केला. जीपनं आधी बेडकासारखी उडी मारली, मग फुलांच्या तीन कुंड्या घेतल्या, मग पहारेकऱ्याच्या खोलीकडे निघाली. पहारेकरी शिट्टी वाजवत पळाला. शेजारचा ड्रायव्हर ब्रेक, ब्रेक ओरडत होता आणि मी जे सापडेल ते दाबत होतो. सगळं मंडळ पायऱ्यांवर येऊन उभं. आणि तेवढ्यात दार उघडलं, एक हात आत आला, त्यानं हँडब्रेक ओढला आणि माझी कॉलर धरून मला बाहेर काढलं.

तू! वरच्या मजल्यावरून! तुझ्या गुडघ्यांना काय म्हणावं!

आणि तू बोललास. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून सांगतो, अख्ख्या ऑफिसच्या खिडक्या उघडल्या.

"उतर! उतर खाली, मुडद्या! म्हातारा झालास तरी तुला क्लच सोडता येत नाही? त्या रात्री तुझ्या हाती ट्रक असता तर सगळे नदीत गेले असते! चार खेपा मारल्या मी! चार! एकाला खरचटू दिलं नाही, आणि तू रिकाम्या आवारात कुंड्या फोडतोस?"

इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिल्यांदा बोललास आणि ते असं! आणि मी तुझ्या मुठीत लोंबकळत हसतोय, हसतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

पायऱ्यांवर बाईसाहेब टिपणं घेणाऱ्याला म्हणाल्या, "यांचा जबाब झाला. लिहून घ्या."

आणि चष्मेवाले, तेच रे, आपल्या जीपचा चेपलेला बंपर बघत म्हणाले, "माझी हरकत नाही. माझी काहीही हरकत नाही."

मग वर गेल्यावर काय झालं ते. तू घाम पुसत होतास आणि माझ्याकडे रागानं बघत होतास, म्हणून तुला वाटलं असेल की बाईसाहेब मला झापतायत. त्या उभ्या राहिल्या होत्या, पाहिलंस ना? तिघेही उभे होते. तुझ्यासाठी उभे होते, येड्या! मी पाठ केलंय ते, शब्द न् शब्द घे. "ह्या मंडळाचं मत असं की गैरहजर हा शेरा चुकीचा आहे, तो काढून टाकावा. त्या रात्री हा सैनिक हजर होता. जिथं त्याची सर्वांत जास्त गरज होती तिथं हजर होता. पदक त्याचं आहे." आणि त्यांनी तुला सॅल्यूट केला. तू उलट केलास तो सवयीनं, कशाबद्दल ते न कळता.

आता कळलं? लेखी हुकूम येईल महिनाभरानं. तोवर हे पत्र दाराला लाव, शेजाऱ्यांना दाखव, सुनेकडून मोठ्यानं वाचून घे. तुला ऐकू येणार नाही, पण घराला येईल.

कारकून बाई जिन्यात रडत होती. म्हणाली, आजोबा, आता तो फॉर्म मी छापूनच घेते.

एक राहिलं. आवारात, कुंड्यांच्या ढिगात, तू माझी कॉलर सोडलीस, बगलेतली पिशवी माझ्या छातीवर आपटलीस आणि म्हणालास, "घे तुझं."

खिशावर माझा नंबर तसाच होता. बाही जळलेली होती, आणि त्या भोकाच्या कडा कोणीतरी नीट दुमडून शिवल्या होत्या. टाके बघितल्याबरोबर ओळखलं, तूच शिवलंस. शिवणकामात तू कायम गचाळ. मंडळानं कोट पुरावा म्हणून दोन दिवस ठेवून घेतलाय, पावती दिलीय. बायकोनं कपाटात जागा करून ठेवलीये.

तेव्हा मी तुला जे म्हणालो ते तुझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणालो. तुझ्या कानांना जमलं नाही आणि डोळ्यांना दिसलं नाही. रीत अर्धी राहायला नको, म्हणून लिहून कळवतो.

उशीर केलास.

तुझा
वंगण